तळहाताआडची ज्योत

एक स्त्री पितळी दिवा घेऊन उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीच्या समोर आडवा. ज्योत जवळजवळ झाकलेली. ती कळते ती बोटांच्या कडांतून झिरपणाऱ्या लालसर उजेडावरून आणि चेहऱ्यावर पडलेल्या प्रकाशावरून. मागे अंधार. चित्रात याहून अधिक काही घडत नाही.

दिनदर्शिका, शुभेच्छापत्रे, छापील प्रती अशा कोणत्या ना कोणत्या रूपात हे चित्र मराठी घरांतून येऊन गेलेले असते, आणि पुष्कळदा खाली नाव असते राजा रविवर्मा यांचे. ते चूक आहे. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १९४५-४६ मध्ये रंगवले गेले. चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडी. चित्राचे प्रचलित नाव ‘ग्लो ऑफ होप’. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील जयचामराजेंद्र कलादालनात आहे. त्याच दालनात रविवर्म्यांचीही चित्रे आहेत, त्यामुळे घोटाळा सहज होतो. आणखी एक गैरसमज असा की हे तैलचित्र आहे. ते जलरंगात केलेले आहे, आणि ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

हा धागा त्या दिव्याविषयी आहे. घरातल्या साध्या प्रसंगाच्या चित्रात क्षणभंगुर वस्तू येते तेव्हा ती काय सांगत असते? विझू शकणारी ज्योत, कोमेजणारे फूल, फुटणारी बांगडी. युरोपच्या कलेतिहासात या प्रश्नाचे एक तयार उत्तर आहे. ते उत्तर मराठी घराला लागू पडते का, हे तपासणे हा या लेखनाचा हेतू.

आधी ते तयार उत्तर पाहू. सतराव्या शतकातील नेदरलँड्स. स्पेनच्या राजसत्तेशी झुंजून उभे राहिलेले प्रजासत्ताक, समुद्रावरच्या व्यापाराने श्रीमंत झालेली शहरे आणि भिंतीवर चित्र लावण्याची ऐपत आलेला मध्यमवर्ग. या गिऱ्हाइकाला राजे-महाराजे किंवा संतांची भव्य चित्रे नको होती. त्याला स्वतःचे घर चित्रात हवे होते: दूध ओतणारी दासी, पत्र वाचणारी तरुणी, भाजी निवडणारी बाई, फुगे उडवणारा मुलगा. योहानेस व्हर्मीरने १६५८ च्या सुमारास रंगवलेली दूध ओतणारी स्त्री याच जगातली.

या शांत घरांत काही वस्तू पुन्हा पुन्हा दिसतात. साबणाचा फुगा, अर्धवट जळालेली मेणबत्ती, वाळूचे घड्याळ, आरसा, पाकळ्या गळू लागलेले फूल. ‘माणूस म्हणजे बुडबुडा’ ही लॅटिन म्हण रोमन लेखक वॅरोने वापरली होती. इरास्मसने आपल्या म्हणींच्या संग्रहात ती नव्याने प्रसिद्ध केली आणि चित्रकारांनी तिला फुंकणीतून फुगा उडवणाऱ्या मुलाचे रूप दिले. ट्यूलिपचे फूल तर क्षणभंगुरतेचे दुहेरी प्रतीक झाले. ते आठवड्याभरात गळते हे एक. आणि त्याच्या कंदांचे सट्ट्याने चढलेले भाव फेब्रुवारी १६३७ मध्ये कोसळले, हे दुसरे. फुलाचे सौंदर्य आणि फुलाची किंमत दोन्ही हवेत विरतात हे त्या समाजाने एकाच हिवाळ्यात पाहिले.

त्याच सुमारास, म्हणजे १६३७ च्या आसपास, याच डचांनी कोकणात वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. तिथून लिहिली गेलेली डच पत्रे पुढे शिवकाळाच्या अभ्यासाचे एक साधन ठरली. वखारीचे अवशेष आजही उभे आहेत आणि हळदणकरांची सावंतवाडी तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. यातून चित्रकलेचा कोणताही वारसा सिद्ध होत नाही. वखारीत मिरी आणि कापड होते, चित्रशाळा नव्हती. तरीही ट्यूलिपवर घर गहाण टाकणारे लोक आणि वेंगुर्ल्याच्या बंदरात जहाजे लावणारे लोक एकाच देशाचे होते, हे लक्षात असलेले बरे. त्यांची चित्रे दूरच्या परीकथेतली राहत नाहीत.

डच चित्रांतला इशारा किती उघड असू शकतो याचे उदाहरण म्हणजे युडिथ लेस्टर या चित्रकर्तीचे १६३९ च्या सुमाराचे ‘शेवटचा थेंब’ हे चित्र. दोन तरुण रात्री उशिरा मद्य पीत बसले आहेत. त्यांच्यामध्ये हाडांचा एक सांगाडा उभा आहे. त्याच्या हातात वाळूचे घड्याळ आणि कवटी. या चित्राचा पुढचा इतिहास विलक्षण आहे. मधल्या काळात कोणीतरी तो सांगाडा रंगाचा थर देऊन झाकून टाकला. कदाचित असे चित्र दिवाणखान्यात लावायला गिऱ्हाईक मिळेना. कित्येक वर्षे ते केवळ दोन आनंदी तरुणांचे चित्र म्हणून पाहिले गेले. १९९३ मध्ये साफसफाई करताना तो थर काढला आणि सांगाडा पुन्हा प्रकट झाला. झाकलेल्या सांगाड्याची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ती पुढे लागणार आहे.

प्रत्येक फुग्यात आणि प्रत्येक मेणबत्तीत असा इशारा शोधायचा का, यावर कलेतिहासकारांत मोठा वाद झाला. एडी दे योंग यांनी १९७६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या प्रदर्शनातून दाखवून दिले की त्या काळच्या बोधचित्रांच्या पुस्तकांशी ही चित्रे ताडून पाहिली तर घरगुती वस्तूंमागे नीतिबोध दडलेला आढळतो. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीवर हरकत घेतली. त्यांच्या मते डच चित्रकाराचा मूळ ध्यास पाहण्याचा आणि नोंदण्याचा होता. दृश्याच्या मागे गुपित असलेच पाहिजे असे नाही. दुधाची धार ही आधी दुधाची धार आहे.

हा वाद हळदणकरांच्या चित्रापुढे उभा राहून पुन्हा घातला तर?

ज्योतीसमोर तळवा धरण्याची मुद्रा युरोपीय चित्रकलेत जुनी आहे. फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याच्या १६४२ च्या सुमाराच्या चित्रात सुतारकाम करणाऱ्या योसेफाजवळ बालयेशू मेणबत्ती धरून उभा आहे. त्याच्या पंजातून उजेड आरपार जाऊन बोटे पारदर्शक तांबडी झाली आहेत. डच चित्रकार गोडफ्रीड स्खाल्केन तर मेणबत्तीच्या उजेडातल्या चित्रांसाठीच प्रसिद्ध होता. परंतु हळदणकरांच्या चित्राचे मूळ तिथे शोधण्याचे कारण नाही. रक्त निळा-हिरवा उजेड शोषून घेते आणि तांबडा पुढे जाऊ देते. ही गोष्ट पॅरिसमध्ये जशी खरी, तशीच देवघरापासून अंगणातल्या तुळशीपर्यंत दिवा नेणाऱ्या कोणत्याही बाईच्या हाताबाबत खरी. वारा असतो म्हणून तळवा आडवा येतो. आल्पर्स बाई इथे खूश झाल्या असत्या.

मग प्रतीक नाहीच का? आहे. मात्र ते वाचायला लॅटिन म्हणींचा उपयोग नाही. मराठी घराची भाषा ऐकावी लागते.

भीमेच्या काठी, शिरूर-दौंडच्या पट्ट्यात, मांडवगण फराट्यासारख्या गावांत जुन्या वळणाची बाई बांगडी फुटली असे म्हणत नाही. बांगडी ‘वाढवली’ असे म्हणते. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर तेही वाढवले. देवापुढे नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. आपोआप गेला तर तो ‘शांत झाला’. उंबऱ्याबाहेर पडणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हे केवळ भिडस्त बोलणे नाही. जे संपते त्याला संपणे हे नाव द्यायचे नाही, कारण ते उद्या पुन्हा होणार आहे, असा त्यामागचा भाव आहे. डच घरात मेणबत्ती जळत जाते आणि आयुष्य उणे होते. मराठी घरात दिवेलागण रोज होते. देवळीत साठलेली काजळी किती वेळा दिवा लागला याची नोंद ठेवते. किती वेळा गेला, याची ठेवत नाही.

काचेच्या बांगडीचेही तसेच. कासार दारी यायचा, बाया ओसरीवर बसायच्या आणि तो बांगड्या ‘भरायचा’. घालणे हा शब्द इथे चालत नाही. काच ती; शेतात, जात्यावर, धुण्याच्या दगडावर काही दिवसांत वाढायचीच. की पुन्हा कासार. अंगणातला सडा आणि त्यावरची रांगोळी तर एका दिवसाची. संध्याकाळपर्यंत पायांनी पुसली जाते आणि सकाळी नव्याने काढली जाते. केसांतला गजरा रात्री कोमेजतो. स्त्रीच्या नित्य सौंदर्याची जवळजवळ सगळी साधने मुद्दाम न टिकणारी आहेत. त्यांची शोभा टिकण्यात नाही, पुन्हा होण्यात आहे.

इथवर आले की एक सुंदर निष्कर्ष हाताशी येतो: पश्चिमेला अंत दिसतो, आपल्याला पुनरावृत्ती. समाजमाध्यमांवर असे निष्कर्ष फार लोकप्रिय होतात. तो अर्धाच खरा आहे.

कारण हीच भाषा एका ठिकाणी एकदम उघडी पडते. नवरा मेला की बायकोच्या बांगड्या ‘वाढवल्या’ असे क्वचितच म्हटले जाते. तिथे क्रियापद सरळ येते: बांगड्या फोडल्या. कुंकू पुसले. कपाळ पांढरे झाले. रोजच्या छोट्या शेवटांना ज्या भाषेने हळुवारपणे झाकले, तिने हा एक शेवट मात्र झाकला नाही. कारण तो पुन्हा भरून येणार नव्हता. कासार त्या दारी थांबणार नव्हता.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या गोष्टीला किती वजन होते हे त्या काळच्या घडामोडींवरून कळते. १८५६ मध्ये विधवाविवाह कायदेशीर झाला, तरी समाजाच्या लेखी फार थोडे बदलले. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले; विधवेला एक न्याय आणि विधुराला दुसरा, हा त्यांच्या संतापाचा मुख्य विषय होता. हळदणकरांचा जन्म त्याच वर्षीचा. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला आणि १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. या सर्व काळात सर्व जातींची रीत एक नव्हती. अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत पाट लावण्याची मोकळीक होती. केशवपन आणि आलवण हा मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांचा जाच होता. फूल, कुंकू आणि हिरव्या बांगड्या यांवरची बंदी मात्र त्याहून कितीतरी विस्तृत होती.

आता चित्रांकडे वळावे. घरातली स्त्री हा मराठी मुलखात चित्रविषय म्हणून नवा नव्हता. पेशवाईतल्या वाड्यांच्या भिंतींवर पुराणकथांच्या जोडीने शृंगार करणाऱ्या स्त्रिया रंगवल्या जात. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात भित्तिचित्रे उरली आहेत. शनिवारवाड्याची रंगकाम केलेली दालने १८२८ च्या आगीत गेली. कोरड्या गिलाव्यावरचा रंग ओल धरली की पापुद्र्यांनी सुटतो, त्यामुळे गावोगावच्या वाड्यांतून जे होते त्याचा मोठा भाग आपोआप नाहीसा झाला. सौंदर्याच्या क्षणभंगुरतेवर त्या भिंतींनी केलेले भाष्य कोणत्याही डच चित्राहून परखड आहे. फक्त ते कोणी हेतुपुरस्सर केलेले नाही.

१८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि घरगुती प्रसंग कॅनव्हासवर व कागदावर येऊ लागला. रविवर्म्यांनी १८७३ मध्येच केसांत फुलांची माळ गुंफणाऱ्या नायर स्त्रीचे चित्र काढून मद्रास आणि व्हिएन्ना येथे पारितोषिके मिळवली होती. पेस्तनजी बोमनजींनी पारशी घरातला निवांतपणा रंगवला: १८८२ च्या ‘पोपटाला चारा’ या चित्रात एक साधी घरगुती घटका आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी नऊवारीतल्या स्त्रियांची इतकी रेखाटने केली की त्या काळच्या लुगड्याच्या निऱ्या, अंबाडा आणि चालण्याची ढब यांसाठी आजही त्यांच्याकडे जावे लागते. रविवर्म्यांच्या छापखान्याने हे जग स्वस्त शिळाछाप चित्रांतून घरोघर पोहोचवले. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. १९७२ मध्ये तो जळाला.

या चित्रांत फुले आहेत, आरसे आहेत, बांगड्यांनी भरलेले हात आहेत. कवटी कुठेच नाही. घरगुती प्रसंगाच्या केंद्रस्थानी आलवणातली, मोकळ्या कपाळाची स्त्री क्वचितच दिसते, जरी त्या काळच्या पुष्कळ घरांत ती स्वयंपाकघराच्या दारामागे होती. पदार्थ तिचे, राबता तिचा, पण चित्रासाठी बसायला ती नव्हती.

लेस्टरच्या चित्रातला झाकलेला सांगाडा इथे आठवावा. मराठी घरगुती चित्र पाहणाऱ्याला सांगाडा दाखवण्याची गरज नव्हती. केसांतला गजरा कोणाच्या श्वासावर टांगलेला आहे हे त्या काळच्या प्रत्येक स्त्रीला ठाऊक होते. फूल संध्याकाळी कोमेजेल आणि उद्या नवे येईल, हे एक सत्य. ज्या दिवशी ते येणार नाही तो दिवस फुलाच्या हातात नाही, आणि माळणारीच्याही नाही, हे दुसरे. डच चित्रकार जे निसर्गाच्या नावावर लिहीत होता ते इथे समाजाच्या नावावर लिहिलेले होते. गळणारी पाकळी कोणी थांबवू शकत नाही. बांगडी फोडणारा हात माणसाचा असतो.

हा अर्थ चित्रकारांनी योजला होता असा दावा करता येत नाही. धुरंधरांना सौंदर्य रंगवायचे होते, सुधारणेची पत्रके नव्हेत. पण चित्राचा अर्थ रंगवणाऱ्याबरोबर पाहणाऱ्याकडेही असतो, आणि पाहणारीच्या घरात जे घडत होते ते चित्राबाहेर ठेवून आज ही चित्रे ‘नऊवारीतले गतवैभव’ म्हणून पुढे पाठवली जातात तेव्हा सांगाड्यावर पुन्हा रंग चढवला जातो.

हळदणकरांचे चित्र या मालिकेत उशिरा येते. त्यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली होती, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत भाग घेतला होता. १९४५ मध्ये ते साठी ओलांडलेले, सर्वमान्य चित्रकार होते. मुंबईत १९०५ पासून विजेचा पुरवठा सुरू झालेला. शहरातल्या घरांत उजेडासाठी तेलाचा दिवा लागत नव्हता. तो देवापुढे, तुळशीपुढे आणि दिवाळीत लागत होता. खेड्यात रात्रीचे काम रॉकेलच्या चिमणीवर आणि कंदिलावर चाले. राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि गावोगाव तारा पोहोचायला त्यानंतरही वर्षे गेली. तेव्हा हळदणकरांनी रंगवलेला दिवा गरजेचा उरलेला नव्हता. तो विधीचा झालेला होता. उपयोग संपत आलेल्या वस्तूकडे चित्रकार वळून पाहतो तेव्हा तिच्यावर जरा जास्तच माया पडते. १९४५ मध्येच दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ हा वार्षिक अंक निघू लागला. दिवा घेतलेली सुंदर स्त्री हे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे आवडते दृश्य बनले. आणि अंक वाचून झाला की तो रद्दीत जाई.

आता जलरंगाची गोष्ट. तैलरंगात अंधार आधी घालून वर उजेड चढवता येतो. चूक झाली तर थर देऊन झाकता येते, जसा तो सांगाडा झाकला गेला. जलरंगात बहुतांशी उलट असते. पारदर्शक रंगाखालचा कागद हाच उजेड. जिथे ज्योत हवी तिथे कागद राखून ठेवावा लागतो आणि अंधार त्याच्या भोवती, तिला स्पर्श न करता, थराथराने आणावा लागतो. हात चुकला आणि काळा रंग आत ओघळला की ज्योत गेली. म्हणजे चित्रातली स्त्री वाऱ्यापासून ज्योत राखते आहे आणि चित्रकार रंगापासून. दोघांचे काम एकच आहे. ‘ग्लो ऑफ होप’ पाहणारे लोक प्रकाश किती खरा वाटतो याचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण त्यातला अंधार अधिक अवघड आहे.

याचा एक विचित्र परिणाम आहे. जलरंग उजेडाने फिके पडतात. संग्रहालयशास्त्रात कागदावरच्या जलरंगचित्रांसाठी प्रकाशाची मर्यादा साधारण पन्नास लक्स मानतात. घरातल्या उजळ दिवाणखान्याहूनही ती कमी भरते. खिडकीचे ऊन तर त्याच्या कित्येक पट असते. उजेडाचे हे चित्र म्हणून अंधारातच जपावे लागते. त्याला पाहणे म्हणजे किंचित झिजवणे. इथे तो डच इशारा मागच्या दाराने परत येतो आणि त्याला नाकारण्याचे कारण नाही.

चित्रातली स्त्री कोण? हळदणकरांची कन्या गीता उपळेकर. वडिलांसाठी दिवा धरून सुमारे तीन तास उभे राहिल्याची आठवण त्यांनी उतारवयात वृत्तपत्रांना सांगितली होती. त्या पुढे कोल्हापुरात राहिल्या आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तल्या. हळदणकर १९६८ मध्येच गेले होते. पन्नास वर्षे चित्रकार नसताना त्याची दीपधारिणी कोल्हापुरात साधे घरगुती आयुष्य जगत होती, आणि देशभर तिच्या चित्राखाली दुसऱ्याच चित्रकाराचे नाव छापले जात होते.

त्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये एक ठराव केला: नवरा मेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. ताराबाईंचे पुस्तक छापले गेल्याला तेव्हा १४० वर्षे झाली होती. ठराव झाला म्हणून रीत एका रात्रीत मोडत नाही, आणि हेरवाडच्या ठरावानंतरही ठिकठिकाणी बांगड्या फुटत राहिल्या. पण त्या गावाच्या नोंदवहीत निदान एवढे लिहिले गेले की हा शेवट निसर्गाचा नाही.

राहिले ते तीन तास. पितळी दिव्याच्या पसरट वाटीत तेल ते किती मावणार. इतका वेळ दिवा तेवत ठेवायचा तर मधूनमधून तेल घालावे लागते, वात पुढे सारावी लागते, काजळी झाडावी लागते. आणि वाऱ्याने गेलाच तर काडी ओढून पुन्हा लावावा लागतो. उभे राहून हात अवघडतो, तो खाली घेऊन परत तिथेच आणावा लागतो. कागदावर एकच ज्योत दिसते.